राहिलेलं कुलूप

"सकाळपासून बायकोचा चेहराच आठवत नाहीये," स्मृतिकेंद्रात आलेले रणपिसेकाका म्हणाले.

वैजयंतीने सर्व्हर तपासला. म्हातारपणी विसरायला नको म्हणून काकांनी दिवंगत बायकोच्या आठवणी इथे ठेवल्या होत्या. आता त्या त्यांना इथूनच आठवत, पण एका वेळी एकालाच उघडता येत, आणि कोणी उघडल्या की इतरांसाठी लागणारी कुलूप-फाइल कालपासून मुलाच्या नावाने होती. बंद करायला विसरला असणार. अशा राहिलेल्या फाइली पुसणं हे तिचं रोजचंच काम. तरी नियमाप्रमाणे तिने आधी मुलाला स्पीकरवर फोन लावला.

"पुसू नका हो," ओजस दबक्या आवाजात म्हणाला. "मी अजून आतच आहे. आई थालीपीठ लावतेय."

वैजयंतीने काकांकडे पाहिलं. ते बाकावर टेकले.

"बस तिच्यापाशी," ते फोनकडे वाकून म्हणाले. "मी थांबतो. खाऊनच ये."