रेवाईच्या घरातली खुर्ची

मुतारे शहराच्या बाजारात सेकाई आणि रेवाई शेजारी-शेजारी बसून बाहुल्यांच्या घरातलं सामान विकत. सार्डिनच्या डब्यांचे पलंग, काडेपेट्यांची कपाटं, बाटलीच्या बुचांच्या खुर्च्या, वर जुन्या झग्याच्या गाद्या. दोघींचं कसब सारखंच, पण गिऱ्हाईक रेवाईकडेच वळे. तिच्या गाद्यांवर कुणी आत्ताच बसून उठल्यासारखा खळगा असे.

तो पाहिला की सेकाईच्या अंगाचा तिळपापड होई.

रोज सकाळी रेवाई सामान मांडलेल्या आपल्या खोक्याच्या बाहुलीघरापुढे वाके आणि परक्याच्या दारात देतात तशी हाक देई, "गोगोगोई!" थांबे, हसे, मगच आत हात घाली.

"कोण 'ये' म्हणतं गं तुला? झुरळं?" सेकाई खिजवी.

"तू शिरतेस का कुणाच्या घरात हाक न देता?"

एका दुपारी रेवाई पाणी आणायला गेली. सेकाईने हाक न देताच आत हात घातला आणि खुर्चीवरचा खळगा अंगठ्याने रगडून सपाट केला. गादी उबदार होती. अंगठ्याखाली ती गार पडत गेली.

दुसऱ्या सकाळी रेवाई वाकली. "गोगोगोई!"

थांबली. हसली नाही. पुन्हा हाक दिली आणि खोक्याला कान लावला.

बरी खोड मोडली, असं मनाशी म्हणत सेकाईने टोमणा मारायला तोंड उघडलं.

"या, आत या," सेकाईच्या तोंडून आपोआप निघालं.

रेवाई हसली. तिने घरात हात घातला, आणि भर उन्हात बसलेल्या सेकाईवर त्या हाताची प्रचंड सावली पडली.