सहावी डिश

पेशी मेल्या होत्या. तिने सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढले, चोळले आणि पुन्हा लावले. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या त्या चिवट पेशी आक्रसल्या होत्या, त्यांचे तुकडे पडले होते. मरणाऱ्या पेशीलाच धरणारा हिरवा रंग जिकडेतिकडे चमकत होता. नवं औषध पेशीचा डीएनए तोडायचं, आणि दुरुस्ती हाताबाहेर गेली की पेशी स्वतःच स्वतःला संपवायची. इथे तेच झालेलं दिसत होतं.

पेशी सरांच्या बायकोच्या गाठीतल्या होत्या. आधीच्या औषधाला गाठ बधली नव्हती. हे औषध जहाल, आणि काकूंच्या अंगात तर त्राण उरलं नव्हतं. ते द्यायचं की नाही, हे त्या पेशी वाढवलेल्या या सहा डिशवर ठरणार होतं. सलाईन उद्या सकाळी लागायचं होतं.

सर मागे उभे होते. अकरा वर्षांत ते असे कुणाच्या मानेवर येऊन उभे राहिले नव्हते.

पाच डिश बघून झाल्या. सहावीत औषध घातलेलंच नव्हतं. तिथल्या पेशी धडधाकट असल्या, तरच बाकीच्या औषधाने मेल्या असं म्हणता येणार होतं. सर म्हणाले, ती राहू दे, डॉक्टर फोनची वाट बघताहेत. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि डिश काचेखाली सरकवली.

तिथेही सगळं हिरवंगार.

पेशी उबेत ठेवणारा इनक्युबेटर बिघडला असेल, नाहीतर पेशींना घातलेला पोषक द्रव नासला असेल. तिच्या बाळंतपणात काकूंनी महिनाभर डबा पाठवला होता. गप्प बसलं, तर निदान आजची रात्र त्या घरात आशेची गेली असती.

“सर, बिनऔषधाच्याही मेल्यात. हा निकाल धरता येणार नाही.”

सरांनी स्टूल ओढलं आणि मटकन बसले. पुन्हा करायला दहा दिवस लागतील, असं ती सांगू लागली. त्यांनी हातानेच थांबवलं.

“मी सकाळीच पाहिली होती ती डिश,” ते म्हणाले. “तरी घरी सांगून टाकलं, औषध लागू पडतंय म्हणून. तर ही म्हणाली, तुमचं राहू द्या. ती पोर काय म्हणते ते सांगा.”