दुसरा प्रशिक्षक

"ताई, लागणार नाही ना हो?" सचिवांच्या मेहुण्याने जाळीच्या मुखवट्याआडून हळूच विचारलं.

तलवार त्याने छत्रीसारखी धरली होती. फर्निचरच्या दुकानातला साधा माणूस. सकाळी त्याला पांढरा पोशाख चढवून सचिवांनी तलवारबाजी क्लबचा दुसरा प्रशिक्षक करून टाकलं होतं.

"हात पुढे ठेवा आणि गप्प उभे राहा," ताई म्हणाल्या.

क्लबला किमान दोन प्रशिक्षक हवेत, नाहीतर हॉल गोदामाला द्यायचा, असं पत्र आलं होतं. जोडीला माणूस द्या म्हणून ताई तीन वर्षं सचिवांच्या मागे लागल्या होत्या. 'बघू, बघू' यापलीकडे काही झालं नव्हतं. आज तपासणी अधिकारी येणार म्हटल्यावर मात्र माणूस बरोबर सापडला.

अधिकाऱ्यांनी हॉल पाहिला. वार लागला की दिवा पेटवणारी तीन यंत्रं होती. त्यातली दोन बंद. "नवीन आहेत, म्हणून झाकून ठेवलीत," सचिवांनी बेधडक सांगितलं. अधिकाऱ्यांनी मान डोलावली आणि वहीत टिपून घेतलं. वर म्हणाले, "आता दोघा प्रशिक्षकांचा एक सामना होऊन जाऊ द्या. आधी पाच वार करेल तो जिंकला."

भिंतीला टेकून बसलेल्या बारा मुली सावरून बसल्या.

पहिले दोन वार ताईंच्या हातून सवयीनेच गेले. मेहुण्याला कळायच्या आत दोनदा दिवा पेटला. अधिकाऱ्यांच्या कपाळाला आठी पडली. "हे शिकवतात ना नक्की?"

सचिव खोकले. खोकल्याचा अर्थ ताईंना कळला. त्यांनी एकदा मुलींकडे पाहिलं, आणि हात खाली घेतला.

हरणं इतकं अवघड असतं हे त्यांना तीस वर्षांत माहीत नव्हतं. मेहुण्याचं टोक हवेत भिरभिरत होतं. ते शोधायचं आणि आपणच जाऊन त्याच्यावर आदळायचं. एकदा खांद्यावर घेतलं, एकदा पोटावर. मध्ये दोन वार स्वतःचे केले, दोन पुन्हा अंगावर घेतले. मुली आधी खुदखुदल्या, मग एकमेकींकडे पाहू लागल्या. थोरलीने तर मान फिरवून खिडकीकडे पाहायला सुरुवात केली.

चार-चार.

शेवटचा वार मात्र ताई सोडणार नव्हत्या. तेवढा तरी आपला. त्यांनी झेप घेतली, आणि पुढचा पाय सामन्यासाठी अंथरलेल्या लांब पट्टीच्या उचकटलेल्या जोडात अडकला. तो जोड बसवून द्या म्हणून त्यांनी चार अर्ज केले होते. त्या कोलमडल्या. समोर मेहुण्याने घाबरून डोळे गच्च मिटले होते आणि तलवार तेवढी पुढे धरली होती.

दिवा पेटला. त्याचा.

"वा!" अधिकारी म्हणाले. "माणूस तयारीचा आहे." मग ताईंना हात देऊन उठवत समजुतीच्या सुरात म्हणाले, "या वयात पाय साथ देत नाहीत, बाई. चालायचंच. जागा मात्र उत्तम आहे."

"पाय नाही, तो जोड—" ताईंनी तोंड उघडलं.

"चहा घेऊ या ना, साहेब," म्हणत सचिव त्यांना कार्यालयाकडे घेऊनही गेले. दारातून मागे वळून त्यांनी ताईंना हात जोडले. हॉल वाचला होता.

मेहुण्याने मुखवटा काढला. चेहरा घामाने निथळत होता आणि आनंदाने फुलला होता. "पाच झाले हो, ताई! मला वाटलं नव्हतं मला जमेल." तो तसाच, पांढऱ्या पोशाखातच, बायकोला फोन करायला बाहेर धावला.

ताई गुडघा चोळत खाली बसल्या. सगळ्यात धाकटी, जिला सगळे चिमणी म्हणत, ती उठून जवळ आली.

"ताई, उद्यापासून आम्ही त्या काकांकडे शिकायचं का?"

थोरलीने तिचा दंड धरून तिला मागे ओढलं. "गप गं."

पण विचारून झालं होतं. बाराही जणी ताईंकडे पाहत होत्या.

"मुखवटे घाला," ताई म्हणाल्या. आवाज जरा जास्तच चढला होता. "सगळ्याजणी. एकेक करून माझ्यासमोर या. आणि चिमणे, पहिली तू."