जिन्याखालची खोली

बाहेरून कडी पडली.

शाझली खाटेवर ताठ झाला. चट्ट्यांना मलम लावायचं म्हणून दाराचा आतला अडसर त्यानेच सकाळी लावून घेतला होता. पण ही कडी बाहेरची. कैरोतल्या आमच्या सहामजली इमारतीचा तो बेचाळीस वर्षं दरवान. इथली झाडून सगळी दारं तो कानाने ओळखे. कडी वाजली की कोणती सून रुसून निघाली ते सांगे. कोणतं मांजर निघालं तेही सांगे, आणि आम्ही मान डोलवत असू.

पाठोपाठ मालकीण हज्जा इन्शिराह ओरडली, "नीट लाव. कुणी हात लावू नका."

म्हणजे तिला कळलं होतं. वर्षभर पाठीवरचे तांबडे चट्टे त्याने झग्याखाली दडवले. परवा इस्पितळाने नाव सांगितलं, कातडीचा लिम्फोमा. आज दोन वाजता पहिला डोस होता, आणि इथे महारोगी समजून त्याला कोंडलं होतं. हाक मारावी तर इमारत गोळा होणार. मग बोचकं आणि गावाकडची, अस्वानची गाडी. तो खाटेवरच बसून राहिला.

सव्वा वाजता दारावर टकटक झाली. दुसऱ्या मजल्यावरची डॉक्टर नेर्मीन.

"शाझलीकाका, निघायचं ना?"

"जा पोरी. तुलाही होईल."

"याची लागण होत नाही, किती वेळा सांगू? पेशीत 'पुरे' म्हणणारं एक जनुक असतं. तुमच्यात ते धडधाकट आहे, फक्त कुलपात पडलंय. म्हणून पेशी वाढत सुटल्यात. औषध ते कुलूप सैल करतं."

"कुलूप घातलं कुणी?"

"पेशीनेच."

"स्वतःच्याच दरवानाला कोंडते? असली मूर्ख पेशी माझ्याच नशिबी." त्याने डोळे पुसले. "बरं, मग बाहेरची कडी काढ. हज्जाने घातलीय."

"मी?" हज्जा तिथेच होती. "अरे गाढवा, ती मीटरच्या कपाटाची. ठिणग्या उडतायत त्यातून. तुझ्यासाठी टॅक्सी थांबवलीय मी, आणि हा आत रुसून बसलाय."

"माझा कान चुकत नाही, हज्जा. कडी काढा."

नेर्मीन हसली नाही.

"काका," ती हळूच म्हणाली, "तुमच्या दाराला बाहेरून कडीच नाही."