अंगणातली सावली

कुंदाने टाकीत वर तरंगून आलेल्या द्राक्षांच्या सालींवर लाकडी दांडा टेकवला आणि जोर लावला.

"हळू गो," आबा म्हणाले. "कुस्ती खेळतेस काय? साली चिरडल्या तर वाईन तुरट होईल. नुसत्या बुडव."

वीस वर्षांपूर्वी देवगडसमोरच्या समुद्रात बोटी आल्या. त्या बोटी खाऱ्या पाण्याचा बारीक फवारा आभाळात सोडत आणि ऊन अडवायला किनाऱ्यावर ढग धरून ठेवत. उन्हाळा गार झाला, पण धुक्याने आंब्याचा मोहर गळू लागला. तीन हंगाम वाट पाहून आबांनी हापूसची दोनशे झाडं स्वतःच्या हाताने तोडली आणि द्राक्षं लावली. गारव्यात सावकाश पिकणाऱ्या त्या द्राक्षांची फिकट लाल, नाजूक वाईन त्यांनी चुकत चुकत साधली. टाकीतला दांडा शेवटी तोडलेल्या आंब्याच्या लाकडाचा होता.

घाटावर पाऊस घटला म्हणून बोटी बंद झाल्याचं कुंदाला परवाच कळलं होतं. निदान हा हंगाम पार पडू दे, म्हणून ती गप्प होती.

दांडा धुवायला आबा अंगणात गेले आणि थबकले. पायांशी त्यांची सावली पडली होती, काळी आणि रेखीव.

"कधी बंद केल्या?"

"परवा. आबा, आपण परत हापूसची कलमं लावू."

"लाव. नीट धरायला सात-आठ वर्षं लागतील. मी अठ्ठ्याहत्तरचा."

त्यांनी दांडा स्वच्छ धुतला, नाकाशी नेला आणि बराच वेळ हुंगला. त्याला फक्त द्राक्षांचा वास होता.