डाव्या खोक्यातलं मशीन

“अजून टेप गुंडाळ,” रॉमेल म्हणाला. “नंतर म्हणशील, बोटांनीच ओळखलं.”

मारिविकने दुसऱ्या कंट्रोलरवरही काळी टेप गुंडाळली. आता दोन्ही हुबेहूब सारखे दिसत होते. टेबलावर पुठ्ठ्याची दोन मोठी खोकी उपडी ठेवलेली होती. त्यांच्यावर फुलाफुलांच्या चादरी होत्या आणि मागच्या फटींतून वायरी बाहेर आल्या होत्या.

फिलिपिन्समधल्या मरिकिनातल्या त्या बंद पडलेल्या दुकानात आज पुन्हा माणसं दाटली होती. अर्धे राइकोवाले, अर्धे ऑर्बिटवाले. दोन्ही कंपन्यांची नवी गेमिंग मशीनं याच आठवड्यात बाजारात आली होती. विकत घ्यायची ऐपत दोघा-तिघांची, पण भांडायला सगळे तयार.

“राइकोचं नवं मॉडेल? जुन्याच डबड्याला नवा रंग.”

“आणि तुमचं ऑर्बिट? त्याचं अपडेट होईपर्यंत माणूस म्हातारा होतो.”

रॉमेल नुसता हसत होता. ऑर्बिटवाल्यांचा म्होरक्या तो. त्याचे व्हिडिओ अख्खं गाव बघायचं, आणि लहानथोर त्याला कुया, म्हणजे दादा म्हणायचे. मशीन न बघता, नुसतं खेळून कंपनी ओळखतो, असं तो छातीठोकपणे सांगायचा.

मारिविकला तो डोळ्यांसमोर नको होता. गेल्या वर्षी तो याच दुकानात आला होता. तिचा बाप नार्सिसो तेव्हा तासाच्या भाड्याने राइकोची मशीनं खेळायला द्यायचा. रॉमेलने चार नंबरच्या मशीनवर हात ठेवला आणि कॅमेऱ्यात बघून म्हणाला, “हे तापतंय बघा. एक दिवस घर जाळणार.” झालं. आयांनी पोरं पाठवणं बंद केलं. मशीनं तपासायलासुद्धा कोणी आलं नाही. नार्सिसोने शटर ओढलं आणि तेव्हापासून तो शेजाऱ्यांशीही धड बोलत नव्हता.

त्या शटरचा सूड तिला घ्यायचा होता, आणि तोही चारचौघांत.

“अट पुन्हा सांग,” रॉमेलचा मित्र ओका म्हणाला. त्याच्या हातातल्या फोनवरून सगळं लाइव्ह चाललं होतं.

“कुठल्या खोक्यात काय आहे ते कुया रॉमेलने ओळखायचं,” मारिविक म्हणाली. “ओळखलं, तर मी कॅमेऱ्यासमोर सांगेन की माझ्या बापाची मशीनं खराब होती. चुकलं, तर त्याने माफी मागायची आणि तोंडाला पातेल्याची काजळी फासून घ्यायची.”

लोक हसले. पत्त्यांत हरणाऱ्याला इथे काजळीच फासतात.

आतून अडोबोचा, सिरक्यात शिजणाऱ्या मांसाचा वास येत होता. नार्सिसो दारात येऊन उभा राहिला. “भात लावलाय,” तो म्हणाला. “जेवल्याशिवाय कोणी जायचं नाही.”

“तितो, काका, तुम्ही रागावला नाहीत ना माझ्यावर?” रॉमेलने विचारलं.

“जेवायला थांब,” नार्सिसो म्हणाला.

मारिविकने टेबलाखाली वाकून वायरींशी खुडबुड केली आणि पहिला कंट्रोलर रॉमेलच्या हातात दिला. पडद्यावर बास्केटबॉलचा सामना सुरू झाला. रॉमेल थोडा वेळ खेळला आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

“डावीकडचं ना हे? बटण दाबलं की खेळाडू विचार करत बसतो. थांबा.” त्याने डाव्या खोक्याच्या मागच्या फटीजवळ तळहात धरला. “ओका, इकडे कॅमेरा आण. चांगलंच तापलंय. हे राइको.”

मारिविकने पुन्हा खाली वाकून खुडबुड केली आणि दुसरा कंट्रोलर दिला.

“आहा,” रॉमेल म्हणाला. “लोणी आहे लोणी. उजवीकडचं ऑर्बिट, तेही नवं मॉडेल. आजच्या आज घरी न्यावंसं वाटतंय.”

“बदलायचं काही?”

“एक अक्षर नाही. तू तुझी माफी तयार ठेव.”

मारिविकने उजवं खोकं उचललं. आत राइकोचं जुनं, धूळ खाल्लेलं मशीन होतं. त्याच्या पाठीवर नार्सिसोच्या हाताने रंगवलेला चारचा आकडा होता.

राइकोवाल्यांनी टेबल बडवायला सुरुवात केली. रॉमेलचे कान लाल झाले.

“म्हणजे डावीकडे ऑर्बिट?” फोनमागून ओकाने हळूच विचारलं. “तापतंय ते आपलं?”

“डोकं आहे का तुला? ऑर्बिट तापत नाही.” रॉमेल कॅमेऱ्याकडे वळला. “मंडळी, हिने डाव केलाय. दोन्हीकडे राइकोच ठेवलंय, मला फसवायला. उजवं चुकलो, मान्य. पण डाव्याचं मी ठासून सांगतो. शेकडो मशीनं हाताळलीत मी. गेल्या वर्षी या दुकानात जे तापलं होतं, तेच हे. हा हात विसरत नाही.”

“तेच?” मारिविकने विचारलं. “नक्की?”

“शंभर टक्के. रेकॉर्ड होतंय सगळं, नंतर मी पलटणार नाही.”

“दोन्ही कंट्रोलर चार नंबरलाच जोडलेले होते,” म्हणत मारिविक बाजूला झाली. नार्सिसो एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात पळी घेऊन पुढे आला. ताट टेबलावर ठेवून त्याने डावं खोकं उचललं, आतल्या राइस कुकरचं झाकण काढलं, ताटात वाफाळता भात वाढला आणि ते रॉमेलपुढे धरलं.

“जेव बाबा,” तो म्हणाला. “जरा सांभाळून, गरम आहे.”