चूळ

कॅप्टन हेरंब परुळेकरने विमानतळाच्या बाथरूममध्ये माउथवॉशची बाटली तोंडाला लावली आणि चूळ तोंडात घोळवत आरशात पाहिलं. जन्मात दारूला न शिवलेला माणूस डोळ्यांवरून मात्र पक्का बेवडा दिसत होता.

पहाटेच्या ड्युटीचा सलग सहावा दिवस. काल विमान उतरायच्या जरा आधी त्याचा डोळा लागला होता. दचकून जागा झाला, तर शेजारी को-पायलट मृण्मयीचीही मान छातीवर पडलेली. मागे अडुसष्ट प्रवासी. 'थकलोय' असं लिहून देणाऱ्या कॅप्टन खासनीसांना कंपनीने गेल्या महिन्यात घरी बसवलं, तेव्हा कुणी चकार शब्द काढला नव्हता. कंपनीत पायलटांची संघटनाच नाही, बोलणार कोण?

उड्डाणाआधीच्या तपासणीच्या खोलीत त्याने श्वासातली दारू पकडणाऱ्या यंत्रात फुंकर मारली. लाल दिवा लागला तशी नर्स गडबडली.

"सर, तुम्ही तर पीत नाही. माउथवॉशमधलं अल्कोहोल असेल. पाण्याने चूळ भरून या, पंधरा मिनिटांनी परत घेते."

"परत फुंकणार नाही मी. प्यायलोय असं लिहा."

"अहो, तीन महिने लायसन्स जाईल. पगार बंद, वर बदनामी."

"झोप तर मिळेल."

सही करून तो बाहेर आला. दारात मृण्मयी उभी होती. तिची तपासणी अजून व्हायची होती. त्याच्या जागी आता तितकाच जागलेला दुसरा कॅप्टन येणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या बाटलीकडे बघत तिने हळूच विचारलं, "सर, त्यात थोडं उरलंय का?"